दोन दारं, चार माणसं

चाळिशीनंतर माणसाला तीन गोष्टी न बोलावता होतात: चष्मा, साखर आणि दोन दारांच्या मोटारीची इच्छा. पहिल्या दोहोंवर डॉक्टर आहेत. तिसरीवर फक्त नातेवाईक.

चष्मा मला एकोणचाळिसाव्या वर्षी लागला. साखर अजून कुंपणावर बसून आहे. मोटारीची इच्छा मात्र आयुर्विम्याची पॉलिसी पिकली त्या दिवशी संध्याकाळी सुरू झाली. वीस वर्षं एकही हप्ता न चुकवता आणि एकदाही न मरता काढल्याबद्दल माझ्या खात्यात पाच लाख आणि वर काही चिल्लर जमा झाली. मुलीच्या इंजिनियरिंगची मुदत ठेव वेगळी आहे. तिला माझा हात लागत नाही, कारण पावती सौ.च्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली कुठं असते ते मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. आमची जुनी चार दारांची गाडी अकरा वर्षं प्रामाणिक नोकरी करून निवृत्तीला आली होती. म्हणजे गाडी घ्यायची हे ठरलेलंच होतं. प्रश्न फक्त दारांचा होता.

मी कोल्हापुरात एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क आहे. गेली कित्येक वर्षं लोकांच्या मोटारकर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. त्यात 'वाहन घेण्याचा उद्देश' असा एक रकाना असतो. तिथं लोक 'कौटुंबिक वापरासाठी' लिहितात, 'व्यवसायासाठी' लिहितात, एका पैलवानानं 'इज्जतीसाठी' असंही लिहिलं होतं. पण 'मजेसाठी' असं लिहिणारा अजून भेटलेला नाही. मला निदान एकदा, स्वतःच्या अर्जावर, ते लिहून बघायचं होतं.

आता दोन दारांच्या, बसक्या, मागून छप्पर घसरत गेलेल्या त्या गाडीला इंग्रजीत कूपे म्हणतात. हा शब्द घरात उच्चारल्याबरोबर सौ. म्हणाली, "अय्या, पहिल्या वर्गाचा? कुठं जायचंय?"

चूक तिची नाही. आपल्याकडे कूपे म्हणजे रेल्वेतला, फर्स्ट क्लासचा, दोन बर्थचा डबा. चार बर्थची ती केबिन आणि दोन बर्थचा तो कूपे. आमचे मॅनेजर एकदा प्रवास सवलतीवर सपत्नीक दिल्लीला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी ताजमहालाबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि कूपे मिळाल्याबद्दल पाऊण तास. दोन्ही शब्द मूळ एकच. फ्रेंच भाषेत 'कूपे' म्हणजे कापलेलं. घोडागाडीत समोरासमोर दोन बाकं असत, त्यांतलं एक कापून टाकून दोघांपुरती आखूड गाडी केली, ती कूपे. मराठीत कापे आणि फ्रेंचात कूपे. कापणारा कोण आणि कापला जाणारा कोण, एवढाच प्रश्न उरतो.

मी कॉमर्सचा पदवीधर. तीन वर्षं आम्हाला शिकवलं, की माल वाढला तर किंमत वाढते. कूपे हा एकच हिशेब मी असा पाहिला, की ज्यात वजाबाकी केल्यावर बेरीज येते. दोन दारं काढली, किंमत वाढली. मागची सीट अरुंद केली, आणखी वाढली. छप्पर काढलं, मग तर विचारूच नका. बिल्डर लोकांना हे अजून कळलेलं नाही हे आपलं भाग्य. नाहीतर न्हाणीघर वगळलेले फ्लॅट 'स्पोर्टी' म्हणून विकले गेले असते.

पण आपल्या देशाचा दोन दारांवर मुळात विश्वासच नाही. हा माझा अंदाज नाही, इतिहास आहे. १९६१ च्या सुमाराला मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड तयार व्हायला लागली, ती दोन दारांची होती. पुढं इथल्या कंपनीनं तिला आणखी दोन दारं लावून दिली. ही गाडी मूळची इंग्लंडची, पण तिथं तिला चार दारांचं सुख कधी लाभलं नाही. ते भारतात लाभलं. टाटांची सिएरा १९९१ साली आली ती तीन दारांची, म्हणजे बाजूला दोन आणि डिकीचं एक. मागच्या बाजूला एवढीमोठी वळणदार काच. बघणारे थांबून बघत आणि घेणारे पुढच्या दुकानात जात. तीच सिएरा २०२५ साली पुन्हा अवतरली ती पाच दारांनिशी. महिंद्राच्या थारचं तेच झालं. तीन दारांची थार लोकांनी गाजवली आणि २०२४ मध्ये तिची पाच दारांची बहीण आली. परदेशातून एकटा आलेला पाहुणा आपल्याकडे चार दिवस राहिला, की त्याचं लग्न लावून देतात, तसं आपण गाड्यांना दारं लावून देतो.

त्याच २०२४ मध्ये तर कमाल झाली. टाटांची कर्व्ह आणि सिट्रोएनची बसाल्ट अशा दोन गाड्या एकाच महिन्यात 'कूपे' म्हणून आल्या. दोन्ही उंच, दोन्ही ऐसपैस आणि दोन्हींना प्रवाशांची दारं चार-चार! फक्त छप्पर मागून उतरतं. म्हणजे उपवासाची मिसळ. गाड्या चांगल्या असतील, मी उपवासाची मिसळही आवडीनं खातो. पण उपवास तो नव्हे आणि मिसळ तर नव्हेच नव्हे.

तेव्हा नवीन गाडीचा प्रश्न मिटला. परवडणारी, खरोखर दोन दारांची, वळणावर अंगात येणारी आणि तरीही रोज बँकेत नेता येईल अशी गाडी हवी असेल तर ती जुन्या बाजारातच शोधायला हवी. मी शोधायला लागलो.

सेकंड हँड गाड्यांच्या जाहिरातींची भाषा ही स्थळांच्या जाहिरातींची धाकटी बहीण आहे. 'डॉक्टरांनी वापरलेली' म्हणजे रात्री-बेरात्री पळवलेली. 'कमी वापर' म्हणजे दोन वर्षं झाडाखाली उभी. 'सिंगल ओनर' म्हणजे मालक एकच, चालवणारे मेहुणे अनेक. आणि 'बघताक्षणी आवडेल' असं लिहिलेलं असलं, की तिच्यात बघण्याखेरीज काहीच उरलेलं नाही असं समजावं.

आमचे हेड कॅशियर गंभीर गृहस्थ आहेत. त्यांनी मला नॅनो घ्यायला सांगितली. "अहो, इंजिन मागं, मागच्याच चाकांना जोर. पोर्शे नाइन-इलेव्हनला तेच आणि नॅनोलाही तेच. बाकी फरक किरकोळ." तांत्रिक दृष्ट्या त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. कॅशियर लोकांचं असंच असतं. बेरीज जुळते, पण समाधान होत नाही.

मग मी गोव्याला जाऊन आलो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची गाडी तयार होत असे. फायबरची बॉडी, बाराशे सी.सी.चं रेनोचं इंजिन, छप्पर उघडणारं आणि दोनच सीट. अशी एक गाडी पणजीत विकायला आहे असं कळल्यावर आंबोलीमार्गे एस.टी.नं गेलो. गाडी लालचुटुक होती. मी तिच्यात बसलो. शेजारी एक सीट होती. मागं काही नव्हतं. मी शेजारच्या सीटवर सौ.ला बसवलं, मनातल्या मनात. मग तिला उतरवून मुलीला बसवलं. मग मुलीला उतरवून आईला. मालक बिचारा बराच वेळ बघत होता, की हा माणूस रिकाम्या सीटकडं बघून बोटं का मोजतोय. दोन सीटची गाडी घेणं म्हणजे रोज सकाळी घरात निवडणूक घेणं. मी काजू घेऊन परत आलो.

त्यानंतर आली जर्मन. पुण्याच्या एका विक्रेत्याकडं एक जर्मन कूपे होती. २०१० च्या आसपासची, मूळची अर्ध्या कोटीच्या घरातली आणि आता आठ लाखांना मिळणारी. विक्रेता म्हणाला, "साहेब, एवढ्यात तुम्हाला साधी नवीन गाडी येते. त्याच पैशात हिच्यात बसून या, शेजारी वळून बघतील." पाच लाख आणि स्टाफ लोन असा हिशेब क्षणभर डोळ्यांपुढं चमकून गेला. आता सांगायला हरकत नाही, मी तिच्या स्टिअरिंगवरून हात फिरवला. चामड्याचं होतं. आमच्या शाखेत फक्त चेअरमनसाहेब तपासणीला येतात तेव्हा काढतात त्या खुर्चीला तसं चामडं आहे.

पण मी बँकेतला माणूस. कर्जदार कितीही हसरा असला तरी मागचं पान बघायची सवय. तिच्या समोरच्या एका दिव्याचा भाव काढला. तो माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता. आणि दिवे दोन असतात! त्या दिवशी मला एक सूत्र सापडलं, ते सेकंड हँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं देवघरात लावून ठेवावं: गाडी सेकंड हँड मिळते, सुटे भाग फर्स्ट हँडच मिळतात. गाडीला घसारा लागतो, तिच्या खर्चाला लागत नाही. अर्ध्या कोटीची गाडी आठ लाखांवर आली म्हणून तिचा गिअरबॉक्स स्वतःला आठ लाखांच्या गाडीतला समजत नाही. संस्थानं खालसा झाली तरी राजेसाहेबांचा नाश्ता तोच असतो.

घसाऱ्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो. मोटार विम्यात गाडीची किंमत कशी उतरते याचं एक कोष्टक आहे. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर काय? तर विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत समजुतीनं ठरवावी. लग्नाचंही असंच आहे. पहिली पाच वर्षं कोष्टक चालतं, पुढं समजूत. म्हणून शहाणा माणूस पाच ते आठ वर्षांची गाडी घेतो. तोवर तिची जी पडझड व्हायची ती पहिल्या मालकाच्या खिशातून झालेली असते. आणखी एक, ते नो क्लेम बोनस. पाच वर्षं विम्याकडं काही मागितलं नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो हप्ता असतो त्यात निम्मी सूट मिळते. पण ती सूट गाडीला नसते, माणसाला असते. गाडी विकली तरी सूट जुन्या मालकाबरोबर जाते. पुण्यासारखं आहे ते. ज्याचं त्याच्याबरोबर. 'गाडीला पन्नास टक्के बोनस आहे' असं कुणी सांगितलं तर तो आपलं पुण्य आपल्याला विकतोय असं समजून नमस्कार करावा आणि निघावं.

आमचे मिस्त्री उद्यमनगरात असतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असा कुठलाही लोखंडी प्रश्न नाही, की ज्याचं उत्तर चहा पिता पिता मिळत नाही. मिस्त्रींनी गाडी बघायची जी पद्धत मला शिकवली ती आमच्या बँकेच्या ऑडिटपेक्षा कडक आहे.

"साहेब, गाडीच्या तोंडाकडं बघू नगासा. आधी शीटचा पट्टा वढा. पार शेवटापत्तोर."

"पट्टा? इंजिन नको बघायला?"

"इंजिन धुता येतंय. पट्टा कोण धुतंय?"

त्यातलं मर्म नंतर कळलं. कोल्हापूरकरांनी २०१९ चा महापूर पाहिला आणि २०२१ चाही. पंचगंगा गाडीत शिरून गेली, की गाडी पुसतात, पॉलिश करतात, अत्तर फवारतात. पण सीटचा पट्टा आत गुंडाळलेला असतो. तो पूर्ण ओढला, की पाणी कुठवर चढलं होतं त्याची मातकट रेघ निघते. सीट ज्या पट्ट्यांवर पुढं-मागं सरकते त्या खालून गंजलेल्या असतात. मिस्त्रींचे बाकीचे नियम असे: गाडी सकाळी, कळवल्यापेक्षा अर्धा तास आधी बघायला जावं आणि पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवावा. गरम लागलं, तर मालकानं आधीच चालू करून ठेवली आहे, म्हणजे थंड इंजिन काहीतरी बोलतं ते तुम्हाला ऐकू येऊ द्यायचं नाही. किलोमीटरचा आकडा वाचावा आणि मग क्लचच्या पेडलचं रबर बघावं. आकडा वीस हजार आणि रबर गुळगुळीत असेल तर त्यातलं रबर खरं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. 'कालच नवीन टाकले' असं म्हणणाऱ्याला ते वाचून दाखवावं. चासी नंबर, इंजिन नंबर आर.सी.शी ताडून बघावा. आणि आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नये. हा शेवटचा नियम मिस्त्रींचा नाही, माझा आहे. तो ऐकून मिस्त्री म्हणाले, "साहेब, तुमीबी आपल्याच लाइनीतलं की."

बसक्या गाडीबद्दल मात्र त्यांचं मत स्पष्ट होतं. ते मला गॅरेजच्या दारात घेऊन गेले आणि समोरचा गतिरोधक दाखवला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरनं अलगद चढून उतरते. आमच्या गल्लीतला गतिरोधक उरलेल्या डांबरानं केलेला आहे. त्याची उंची किती असावी हे नियमानं नाही, उरलेल्या डांबरानं ठरवलं. त्याच्यावरून एस.टी. जाते तेव्हा कंडक्टर कप्पी धरतो. "ह्याच्यावर कूपे घातली," मिस्त्री म्हणाले, "तर म्होरली चाकं पलीकडं, मागली अलीकडं, आन् मधी तुमी. बसा मग झोके घेत."

एव्हाना घरात समिती बसली होती. मुलगी माझ्या बाजूनं होती, कारण तिच्या मैत्रिणींत दोन दारांची गाडी कुणाकडंच नव्हती. सौ. विरोधात नव्हती, पण बँकेच्या भाषेत सांगायचं तर तिनं मंजुरी सशर्त ठेवली होती.

"अहो, घ्या की. पण एकच सांगा. आई मागं कशा चढणार?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघ्यांच्या ऑपरेशनचा ठराव तिनं दोनदा फेटाळलेला. दोन दारांच्या गाडीत मागं जायचं म्हणजे पुढची सीट वाकवायची, एक पाय आत टाकायचा, कंबर दुमडायची आणि उरलेलं शरीर मागून ओढून घ्यायचं. ही कसरत मला जमेना, तिला कशी जमणार? आणि आई मागंच बसत असे. ते कुणी ठरवलेलं नव्हतं. पुढं मी आणि सौ., मागं आई, मुलगी आणि पिशव्या. पिशव्यांपैकी एक कायम आईच्या मांडीवर. मी आईला विचारलं तर म्हणाली, "तू घे रे तुला हवी ती. मी रिक्षानं येईन." आई जेव्हा असं म्हणते तेव्हा विषय संपलेला असतो आणि माणूसही.

मी शोध थांबवला. खरं म्हणजे थांबवलाच होता. तेवढ्यात मिस्त्रींचा फोन आला. मिरजेला एक झेन आहे.

झेन म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, त्यात काय, चार दारांची मारुती. पण २००३ साली मारुतीनं तीन दारांच्या मोजक्या झेन काढल्या होत्या. काळी ती कार्बन, रुपेरी ती स्टील. बाजूला दोनच लांबलचक दारं. इंजिन नेहमीच्याच झेनचं, ९९३ सी.सी., साठ घोडे. गाडी एवढी हलकी, की साठही पुष्कळ होतात. शुद्धिवादी लोक तिला कूपे म्हणणार नाहीत. त्यांनी खुशाल म्हणू नये. पण हिशेब करा. इंजिनाचे, ब्रेकचे, क्लचचे सुटे भाग गल्लीत मिळतात आणि उद्यमनगरात डोळे मिटून बसवतात. जमिनीपासून उंची आपल्या रस्त्यांच्या ओळखीची. दारं आणि बाजूच्या काचा तेवढ्या फक्त हिच्याच, त्या जपायच्या. माझ्या 'पाच ते आठ वर्षां'च्या नियमात ती बसत नव्हती. पण तो नियम किंमत उतरणाऱ्या गाड्यांचा. हिची उतरायची तेवढी उतरून, आता वर बघायला लागली होती.

रविवारी आम्ही सगळे मिरजेला गेलो. आईसुद्धा, कारण तिची मावसबहीण तिथं असते आणि तेवढ्या भांडवलावर आई रेल्वेत चढू शकते.

मालक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी गाडी दाखवायच्या आधी मलाच बघून घेतलं. नोकरी कुठं, रोजचं अंतर किती, सकाळी किती वाजता निघता, गाडी सावलीत लावता की उन्हात. मी विचारलं, "घासाघीस होईल का?" ते म्हणाले, "आधी हे सांगा, रोज चालवणार ना?"

मग त्यांनीच सांगितलं. आधी दोघेजण येऊन गेले होते. दोघेही माझ्यापेक्षा जास्त पैसे देत होते. दोघांनाही गाडी जमवायचा छंद. एकानं सांगितलं, आच्छादन घालून ठेवीन, वर्षातून एकदा प्रदर्शनाला नेईन. "मी त्यांना चहा दिला आणि पाठवलं," प्राध्यापक म्हणाले. "बावीस वर्षं ही रोज बाजारात गेलीय. तिला आता म्युझियममध्ये काय करमणार? मुलं दोन्ही तिकडं असतात. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता रात्रीचं नीट दिसत नाही. उभ्या गाडीचं रबर आधी मरतं, मग माणसाचं." हे शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं, म्हणून मीही हसलो.

मी पट्टा शेवटापर्यंत ओढला. स्वच्छ. बोनेटवर हात ठेवला. थंड. ते बघत होते. "पेडलचं रबरही बघा," म्हणाले, "दोनदा बदललंय, पावत्या आहेत." पावत्या खरोखरच होत्या, सालवार, टाचणी लावून. मला माझ्या शाखेची लाज वाटली.

ट्रायल घ्यायची ठरली. सौ. प्राध्यापकबाईंच्याबरोबर चहाला आत राहिली. सीट वाकवून मुलगी मागं शिरली, मागोमाग प्राध्यापक शिरले, सवय असल्यासारखे. आणि आई दारात उभी राहिली. मागं जागाही नव्हती आणि वाटही नव्हती. लांबलचक दार सताड उघडं, सीट समोर. आई एकदम बसली, पाय उचलून आत घेतले आणि म्हणाली, "हे दार मोठं आहे की रे. बरं आहे."

मिरजेचा रस्ता. दवाखाने, सतारीची दुकानं, पुन्हा दवाखाने. दुसरा गिअर, तिसरा गिअर. साठातले सगळे घोडे जागे होते. मला बोलायचं होतं इंजिनाबद्दल, पण आईच बोलायला लागली.

"अरे, इथून रस्ता समोर दिसतो."

आता याच्यात नवीन ते काय, असं मी म्हणणार होतो. मग लक्षात आलं. आई आयुष्यभर बाबांच्या स्कूटरवर मागं बसली, एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडं. तिनं अख्खं कोल्हापूर डाव्या बाजूचं पाहिलं. उजवी बाजू परत येताना. एस.टी.त बाईमाणसांच्या बाकावर, तिथून खिडकी. मग आमच्या गाडीत अकरा वर्षं मागं, समोर माझ्या सीटची पाठ. रस्ता तिनं कायम आडवाच पाहिला होता. समोरून आपल्याकडं येताना पहिल्यांदाच पाहत होती. पिशवी मागं प्राध्यापकांच्या मांडीवर होती.

मी घासाघीस केली नाही. त्यांनीच दहा हजार कमी केले.

पुढचं सगळं कागदोपत्री. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म, विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा, पर्यावरण कर, नवी सुरक्षित नंबरप्लेट. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी. हिचं पुढचं २०२८ मध्ये. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला त्याची फी आता दहा हजार. म्हणजे प्राध्यापकांनी कमी केलेले दहा हजार सरकारात जमा होणार, आपल्याकडं फक्त मुक्कामाला आहेत. मिस्त्रींनी पेट्रोलचे जुने रबरी पाइप काढून नवे घातले, कारण हल्ली पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. स्टाफ लोन लागलंच नाही, त्यामुळं 'उद्देश' या रकान्यात 'मजेसाठी' लिहायचं मात्र राहिलं.

आता गाडी रोज बँकेत जाते. पार्किंगमध्ये लोक थांबतात, भोवती एक फेरी मारतात आणि विचारतात, "मागची दारं कुठं गेली?" पंपावरचा मुलगा म्हणाला, "अॅक्सिडेंट झालता काय?" हेड कॅशियर म्हणाले, "इंजिन पुढंच आहे म्हणे," आणि निराश होऊन आत गेले. अॅव्हरेज विचारणाऱ्यांना मी खरा आकडा सांगतो, ते मनातल्या मनात दोन वजा करतात.

रविवारी आम्ही चौघं रंकाळ्यावर जातो, नाहीतर पन्हाळ्यावर. घाटाच्या वळणावर मी जरा पाय दाबतो. मागं सौ. आणि मुलगी. सौ.ला मी विचारलं होतं, तुझी जागा गेली, राग नाही ना आला? ती म्हणाली, "पुढं बसून तुमचं ड्रायव्हिंग बघण्यापेक्षा मागं डोळे मिटून बसलेलं बरं." पण डोळे काही ती मिटत नाही. मागची काच लहान, पुढं दोन सीटांच्या पाठी, तिला काही दिसत नाही. मग ती विचारते, "आई, काय आलं हो पुढं?"

आणि आई, मांडीवर काही नसलेली, दोन्ही हात मोकळे असलेली, तिला सगळं सांगते. ट्रक येतोय, लाल आहे. मेंढरं आहेत. वळण डावीकडं आहे. आता उतार लागला. ह्यानं ब्रेक जरा उशिरा दाबला.